नव्या मॉनिटरवरचा हर्षल

“पाणी मग पी. आधी ते नीट कर,” अण्णा दारातच म्हणाले.

मे महिन्यातलं भुसावळ. स्टेशनापासून घरापर्यंत येताना रिक्षाची सीट भाजत होती, पहाटेपासून गाडीत डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि बाप म्हणतो पाणी मग पी. मी बॅग तिथेच ओट्यावर आपटली.

“अण्णा, मी पोरगी आहे तुमची. मेकॅनिक नाही.”

“तसं नाही गं ज्योती. बघवत नाही म्हणून म्हणतो. सगळं पसरट झालंय. दुकानदाराचा माणूस वायरी जोडून गेला तो गेलाच. फोन केला तर म्हणतो, काका, दिसतंय ना, मग झालं. असं कुठं असतं का?”

माझे वडील प्रभाकर नारखेडे रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. उभा जन्म लोखंड घासण्यात गेला. सुताभर फरक म्हणजे त्यांच्या लेखी अपघात. जेवताना भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं तर उष्ट्या हातानं उठून डाव्या हातानं ते सरळ करतील आणि मगच पुढचा घास घेतील. असल्या माणसाच्या घरात पसरट चित्र दाखवणारा मॉनिटर म्हणजे त्यांचा जीव टांगणीलाच लागला असणार. मी समजले. पण तहान लागली होती, म्हणून सरळ माठाकडे गेले आणि दोन ग्लास पाणी प्यायले.

तो कॉम्प्युटर माझ्या धाकट्या भावाचा होता, हर्षलचा. लग्नपत्रिका, दुकानाचे बोर्ड, कुणाचं निकालपत्रक असली कामं तो घरबसल्या करायचा. मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा अण्णा त्याला जळगावला डायलिसिसला घेऊन जायचे आणि आई दिवसभर दाराशी बसून राहायची. ते बघून एक दिवस त्यानं शेजारच्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला. निळा चौकड्याचा शर्ट, ओट्यावर बसलेला, बाजूला सायकल. तो फोटो त्यानं स्क्रीनवर बरोबर मापात बसवला आणि आईला बोटाला धरून शिकवलं. “आधी हे बटण, मग हे बटण. मी घरी नसलो की दाब. लगेच दिसतो की नाही बघ.”

फोटोत तो अगदी काटकुळा होता. गालफडं बसलेली, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकलेलं. पण हसत होता.

मागच्या मे महिन्यात तो गेला. आई रडली नाही. बाया म्हणाल्या, हिला रडवा, हिला रडवा, नाही रडली. तिनं दोनच गोष्टी केल्या. एक म्हणजे रोज दुपारी ती दोन बटणं दाबून स्क्रीनसमोर बसायची. आणि दुसरी म्हणजे स्वयंपाक अळणीच करत राहिली. हर्षलला मीठ बंद होतं तेव्हा तिनं सगळ्या घरालाच मीठ बंद केलं होतं. त्याच्या एकट्याच्या ताटात कसं वेगळं वाढू म्हणे. तो गेल्यावरही तेच चालू. अण्णा बिचारे गुपचूप वरून मीठ घेऊन जेवायचे. आई तर दोन घास खाऊन उठायची. वर्षभरात ती अर्धी झाली होती. फोनवर अण्णा मला म्हणाले होते, “ज्योती, ही अशीच राहिली तर हीसुद्धा हातची जाईल बघ.” त्या वेळी मी ऑफिसात होते, फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणि त्यात पंधरवड्यापूर्वी तो जुना डबडा मॉनिटर बंद पडला. आई समोर बसली असतानाच पडला. आतून जळका वास आला, हर्षलचं चित्र मधोमध आखडत आखडत एका ठिपक्याएवढं झालं आणि काच काळी पडली. आईला वाटलं, फोटो त्या काचेच्या आतच असतो. काच गेली, फोटो गेला. अण्णांनी डोकं आपटून सांगितलं की अगं, फोटो खालच्या डब्यात आहे, हा नुसता दाखवतो. ऐकेल तर शपथ. भंगारवाला दारात आला तर तिनं त्या मॉनिटरला दोन्ही हातांनी कवटाळलं. शेवटी अण्णांनी तो कपाटावर ठेवून दिला आणि बाजारातून नवा आणला. सपाट, रुंद, काळा. जुने चौकोनी तेव्हा दुकानात मिळेनासेच झाले होते.

मला वाटलं होतं, आई अंथरुणावर पडलेली असेल. म्हणूनच मी धावत आले होते. वर्षश्राद्ध आठवड्यावर होतं, ते उरकून तिला माझ्याकडे नाशिकला घेऊन जायचं असं माझं आणि अण्णांचं ठरलं होतं.

“आलीस का वं बाई?” स्वयंपाकघरातून आवाज आला. मी दचकलेच. आईच्या आवाजात जीव होता. आत गेले तर ती चुलीशी बसलेली, केस तेल लावून नीट विंचरलेले. “बट्ट्या उकडून झाल्यात, तळायच्या तेवढ्या राहिल्यात. वांगी घोटून ठेवलीत. हातपाय धू आधी. कशी वाळलीस! तिकडं खायला घालत नाहीत का तुला?”

“मी वाळले? स्वतःकडं बघ.”

“माझं सोड. हर्षलला भेटलीस?”

ती असंच बोलायची. मी म्हटलं, जेवून भेटते.

पानावर बसलो. वर्षभराच्या सवयीनं मी मिठाचा डबा जवळ ओढला. अण्णांनी हळूच तो मागे सारला आणि डोळ्यांनी खुणावलं, आधी खा. मी बट्टी कुस्करली, वरण ओतलं, घास घेतला. वरणात मीठ होतं. भाजीतही होतं. झणझणीत, तिखट-मीठ बरोबर पडलेली, लहानपणी असायची तशीच वांग्याची भाजी. माझा हात तसाच ताटात राहिला.

आई तूप आणायला उठली तसे अण्णा माझ्या कानाशी आले. “चार-पाच दिवस झाले. नवा मॉनिटर आला तेव्हापासून. स्वतःही जेवते. काल तर दुसऱ्यांदा भाजी घेतली.”

“पण झालं काय?”

“काय माहीत. मी विचारलं नाही. विचारलं आणि परत बंद झालं तर?” म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. “देवाच्या दयेनं आली आपली भानावर. आता ते चित्र तेवढं नीट करून दे. ती एवढी जिवापाड बघत बसते, तिला ते वाकडंतिकडं कशाला?”

आई भांडी घेऊन मागच्या मोरीवर गेली आणि आम्ही दोघं पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलो. कूलरचं पाणी संपलं होतं, तो नुसताच गरम हवा फेकत होता. मी बटणं दाबली. हर्षल आला. स्क्रीनभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

“हे चाक बघ,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी सायकलच्या चाकावर बोट ठेवलं. “अंड्यासारखं झालंय. चाक असं असतं का? या सायकलवर बसला तर माणूस उसळून पडेल.”

मी ऑफिसात दिवसभर हेच करते, त्यामुळे मला पाहताक्षणी कळलं. जुना पडदा चौकोनी होता, हा रुंद. कॉम्प्युटर बापडा अजून जुन्याच मापानं चित्र पाठवत होता आणि हा ते ओढून ताणून सगळ्या रुंदीवर पसरत होता. स्क्रीनचं रिझोल्युशन बदललं की काम झालं. मी उजवी कळ दाबली, सेटिंग उघडलं, खालची पट्टी सरकवत सरकवत नव्या मॉनिटरच्या मापावर आणली आणि ओके केलं.

पडदा क्षणभर काळा झाला. मग सगळं लख्ख आलं. मधे एक छोटी चौकट आली, ती मी सवयीनं कळ दाबून घालवली. अक्षरं रेखीव, चित्रं छोटी. फोटो आता पडदा भरेना. दोन्ही बाजूंना निळी पट्टी राहिली आणि मधे जसाच्या तसा हर्षल.

“हां! आता कसं!” अण्णांनी मांडीवर थाप मारली. खिशातली लोखंडी पट्टी काढून त्यांनी चाकाला आडवी लावली, मग उभी लावली. “बरोब्बर. गोल म्हणजे गोल. शाबास गं माझी वाघीण!”

ते चाकाकडे बघत होते. मी हर्षलकडे बघत होते. काय हाल झाले होते पोराचे. मधे दिवस गेले की माणूस विसरतो. मानेची शीर न् शीर दिसत होती. मला वाटलं, आता आई येईल, तिला बरं वाटेल, आणि मी जरा पडते.

आई पदराला हात पुसत आली. दारातच थबकली. मग हळूहळू जवळ आली आणि खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

“परत वाळला गं,” ती म्हणाली.

“कोण?”

ती खाली फरशीवर बसली, अगदी भिंतीला टेकून. तिचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. मघाशी बट्ट्या तळणारी बाई कुठल्या कुठे गेली.

“आई, अगं, तो असाच होता,” मी घाईघाईनं म्हणाले. “मधे चार दिवस चुकीचं दिसत होतं. पडदा रुंद आणि फोटो अरुंद, म्हणून तो ताणला गेला होता. आता बरोबर झालाय. हा खरा.”

“मला काय कळत नाही का?” आई म्हणाली. आवाज चढवून नाही, साधाच. “मी खुळी नाही, ज्योती. सायकल फुगलेली मलाही दिसत होती. ओटाही दिसत होता. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं. पण त्याचे गाल भरले होते. मनगट भरलं होतं. घड्याळ कसं गच्च बसलं होतं हातावर. ह्यांनी बटण दाबलं, तो समोर आला, आणि मला वाटलं, माय वं, बरा झाला! एवढंच वाटलं बघ. बरा झाला माझा पोरगा.”

अण्णांची पट्टी हातातच राहिली.

मी बडबडत सुटले. “आई, त्याचे कॉलेजातले फोटो आहेत ना. किती गुबगुबीत होता तेव्हा! आपण चिडवायचो त्याला. त्यातला एक लावते ना इथं, मोठा करून.”

“तो नको.”

“का नको?”

“तो आजारी पडायच्या आधीचा. तो काय बरा व्हायचाय? तो बराच होता.” तिनं स्क्रीनकडे बोट केलं. “मला हा बरा झालेला पाहिजे. हाच. ह्यानंच माझ्याजवळ पाणी मागितलं होतं.”

मग आई बोलायला लागली, आणि वर्षभर जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून गेली.

“ह्या भुसावळच्या उन्हात माणसाला घोटभर पाण्यावर ठेवायचं, कुठल्या आईला जमेल? मी जमवलं. वाटीनं मोजून दिलं. जीभ टाळ्याला चिकटायची त्याची. रात्री माठाजवळ जाऊन नुसता हात लावून बसायचा गार म्हणून. तरी मी दिलं नाही. डॉक्टर म्हणाले होते ना, पाणी जास्त झालं तर छातीत भरेल. शेवटच्या दिवशी म्हणाला, आई, आज तांब्याभर दे ना. एकदाच. मी म्हटलं, उद्या डायलिसिस होऊन ये, मग देते.” ती माझ्याकडे बघत राहिली. “उद्या म्हटलं गं मी. उद्या.”

“तुझी चूक नाही ती,” मी म्हणाले. “आई, ऐक ना, तुझी काहीच चूक नाही.”

“चूक कुणाची, हे विचारलंय का मी? तहानलेला गेला, एवढंच म्हणते.”

तेव्हा अण्णा उठले. मला वाटलं, नेहमीसारखे बाहेर ओट्यावर जाऊन बसतील. ते स्वयंपाकघरात गेले आणि हातात एक स्टीलची वाटी घेऊन आले. माझ्यासमोर धरली. वाटीच्या आतल्या अंगाला, काठापासून बरीच खाली, एक बारीक रेघ ओढलेली होती, सरळ, एकसारखी.

“ही मी मारली,” ते म्हणाले. “कानशीनं. तुझी आई ही काठोकाठ भरायची. मी म्हटलं, असा अंदाजपंचे कारभार चालायचा नाही, डॉक्टरांनी माप दिलंय. रेघ मारून दिली. रेघेच्या वर थेंब गेला तर ओरडायचो तिच्यावर. एकदा त्याच्यादेखत तिच्या हातातून वाटी घेऊन ओतून टाकलं मी वरचं पाणी. त्यानं बघितलं ते.” त्यांचा आवाज फाटला. “माप बरोबर होतं गं ज्योती. माप अगदी बरोबर होतं.”

अण्णांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. रडणं येत नसलेला माणूस रडतो तेव्हा बघवत नाही. आई उठली, त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि स्टुलावर ठेवली. त्यांना खुर्चीत बसवलं.

मग अण्णांनी बाहीला नाक पुसलं. “हर्षलची आई,” ते म्हणाले. आमच्या घरात ते तिला तशीच हाक मारायचे, पण तो गेल्यापासून ती हाक मी ऐकली नव्हती. एरवी नुसतं ‘अगं’ म्हणून भागवायचे. “हर्षलची आई, इकडं ये. ज्योती, ते मघाचं होतं ना, तसं कर.”

“अण्णा, ते चुकीचं आहे. सगळंच पसरट...”

“असू दे.”

“चाक परत...”

“चाक गेलं खड्ड्यात!” ते ओरडले. “कर म्हणतो ना!”

मी पुन्हा सेटिंग उघडलं. पट्टी हव्या त्या मापावर थांबेना. शेवटी थांबली. मी ओके केलं. पडदा काळा झाला आणि आईनं माझा खांदा घट्ट धरला. मग हर्षल आला. कडेपासून कडेपर्यंत, गाल भरलेला, खांदे रुंद, गळ्याशी शर्ट तट्ट बसलेला. दुखण्यातून उठलेला, चार घास खायला लागलेला, दोन महिन्यांत कामाला जाईल असा. मला त्याआधी तो तसा दिसलाच नव्हता. मी नुसतं पसरट चित्र पाहिलं होतं. आईच्या डोळ्यांनी मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि काय सांगू, मी बघतच राहिले.

समोर मघाचीच छोटी चौकट आली होती, खाली आकडे उतरत होते. तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

आणि पडदा एकदम काळा झाला. उजळला तर हर्षल पुन्हा वाळलेला, दोन निळ्या पट्ट्यांच्या मधे.

आईनं जो हंबरडा फोडला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. “गेला गं! परत गेला माझा!” ती खाली बसून जमिनीवर हात आपटून रडायला लागली. वर्षभर साठलेलं रडणं होतं ते. अण्णा घाबरले, “अगं, काय केलंस, काय केलंस?” म्हणून माझ्यावर ओरडायला लागले, आणि मी रडत रडतच सांगत होते की मी काही नाही केलं, ते आपोआप मागे जातं, थांबा, थांबा, आणते त्याला परत.

पुन्हा सेटिंग. पुन्हा पट्टी. पुन्हा काळोख. पुन्हा तो आला, भरल्या गालांचा. पुन्हा ती चौकट.

आई डोळे पुसत उठली आणि पडद्याच्या अगदी जवळ आली. “हे काय लिहिलंय?”

“हे असंच ठेवायचं का, म्हणून विचारतंय. नाही सांगितलं तर आपोआप पहिल्यासारखं करून टाकतं.”

“आपल्याला विचारतंय?”

“हो.”

आकडे खाली येत होते. आईनं माझ्या माऊसवरच्या हातावर आपला ओला हात ठेवला.

“तेव्हा कुणी विचारलं नव्हतं गं,” ती म्हणाली. “हे विचारतंय तोवर हो म्हण. लवकर म्हण, बाई. हो म्हण.”

मी हो म्हटलं.